काउंट नॉर्मल आले आणि आम्ही घरी आलो (मुलांचं अपेंडिक्स आणि रक्ताचे रिपोर्ट)

सातमजली | सोमवार, रात्री 10:52

मुलगा सात वर्षांचा. बारा दिवसांपूर्वी त्याचं अपेंडिक्स काढलं, तेही फुटल्यावर. आता घरी आहे. टाक्यांना हात लावू नकोस म्हटलं की मुद्दाम लावतो, म्हणजे चांगलाच बरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळे प्रतिसाद काळजीचेच यायचे.

माझा प्रश्न रक्ताच्या रिपोर्टचा आहे. दोन कागद समोर ठेवून बसलोय.

पहिला कागद. संध्याकाळी सहाला बेंबीभोवती दुखायला लागलं. जेवला नाही, दोनदा उलटी झाली. रात्री अकराला दाखवलं. टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) 9,400, न्यूट्रोफिल (त्यातलाच एक प्रकार) 68 टक्के. "काउंट नॉर्मल आहेत, काळजीचं काही नाही." पोटदुखीचं औषध घेऊन घरी.

दुसरा कागद त्यानंतर 35 तासांनी. ताप 101.5. टीएलसी 17,800, न्यूट्रोफिल 88 टक्के, सीआरपी (सूज असली की वाढणारं प्रथिन) 142, सोडियम 131. सोनोग्राफीत अपेंडिक्समध्ये खडा आणि आजूबाजूला पाणी. त्याच दुपारी ऑपरेशन.

मधले 35 तास दुखणं चालूच होतं. एकदा तर अचानक कमी झालं, तो शांत झोपला आणि आम्ही सुटलो म्हणालो. नंतर कळलं की ती बहुधा फुटण्याची वेळ होती. त्या सगळ्या वेळात आम्ही दोघं एकमेकांना एकच वाक्य ऐकवत होतो: रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग?

तर, पहिल्या रात्रीचं रक्त खोटं बोललं का? की अपेंडिक्स रक्तात दिसतच नाही? दिसत नसेल तर रक्त काढतात कशाला?

डॉक्टरांचं किंवा हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. मला भांडायचं नाहीये. (थोडं होतं, पण ओसरलं.)

अबोली | सोमवार, रात्री 11:05

बाप रे. पिल्लू बरं आहे हे वाचून जिवात जीव आला. वाचतेय.

खडूस | सोमवार, रात्री 11:20

नेहमीचंच. आधी चाचण्या लिहायच्या, मग चाचण्यांच्या आड लपायचं. आमच्या लहानपणी डॉक्टर पोटाला हात लावून सांगायचे अपेंडिक्स आहे की नाही.

जुना कात्रीवाला | मंगळवार, सकाळी 6:40

खडूसराव, मी त्या हात लावून सांगणाऱ्यांपैकीच. लहान मुलांची पोटं उघडण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. हाताने सांगायचो हे खरं. पण तेव्हा शंभर ऑपरेशनं केली की पंधरा-वीस अपेंडिक्स अगदी निरोगी निघायची, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही. फुटलेलं सुटण्यापेक्षा चांगलं काढलेलं परवडलं, असंच आम्हाला शिकवलेलं. आज सोनोग्राफीच्या जोरावर बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण पाचाच्या खाली आलंय. त्यामुळे जुन्या हातांची फार आरती ओवाळू नका.

सातमजली, तुमच्या प्रश्नाला सविस्तर लिहीन. त्याआधी दोन गोष्टी सांगा. पहिल्या रात्री पोट कुणी तपासलं का, आणि "पुन्हा कधी या" हे सांगितलं होतं का?

सातमजली | मंगळवार, सकाळी 7:15

पोट तपासलं होतं, नीट तपासलं होतं. उजवीकडे खास दुखत नव्हतं, बेंबीपाशीच म्हणत होता. पुन्हा केव्हा यायचं ते सांगितलं नव्हतं. "काही वाटलं तर या" म्हणाले.

स्लाइडवाली | मंगळवार, दुपारी 1:30

मी पॅथॉलॉजीत आहे. सर्जन मंडळी येईपर्यंत रक्ताची बाजू मी मांडते, शेवटी आळ आमच्यावरच आलाय.

रक्त खोटं बोललं नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सांगते की या क्षणी एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी किती फिरतायत. पोटात काय चाललंय हे तिला कोण सांगणार?

अपेंडिक्सचं तोंड खड्याने, सुजेने किंवा गाठी सुजल्याने बंद होतं. आत स्राव साठतो, दाब वाढतो, जंतू वाढतात, भिंतीचा रक्तपुरवठा आवळला जातो. या पहिल्या काही तासांत भांडण नळीच्या आतच चालू असतं. बाहेर बातमी फुटल्यावर हाडांच्या मगजातून न्यूट्रोफिलची कुमक निघते. म्हणजे पांढऱ्या पेशी तशा लवकर वाढतात, पण लवकर म्हणजे पाचव्या तासाला प्रत्येकाच्या वाढलेल्या असतीलच असं नाही.

सीआरपी त्याहून उशिरा येते. ते यकृतात तयार होणारं प्रथिन. सूज आल्याचा निरोप (मुख्यत्वे इंटरल्यूकिन-6 नावाचा) यकृताला पोचला की मग ते बनायला लागतं. रक्तात ते साधारण 6 ते 8 तासांनी चढू लागतं, शिखर गाठायला दीड ते दोन दिवस लागतात. पाचव्या तासाला तुमच्या मुलाचं सीआरपी केलं असतं तरी ते बहुधा नॉर्मलच आलं असतं. म्हणजे पहिल्या रात्री ते केलं नाही याची रुखरुख मनातून काढून टाका.

आता काउंटबद्दल. पांढऱ्या पेशींचा जवळजवळ निम्मा साठा रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेला असतो. मूल जोरात रडलं, घाबरलं, दोन माणसांनी धरून सुई टोचली, की त्यातल्या पेशी काही मिनिटांत प्रवाहात येतात आणि काउंट चढतो. स्टेरॉइड चालू असेल तरी चढतो. त्यामुळे 12-13 हजारांवर घाबरणं आणि 9 हजारांवर निर्धास्त होणं, दोन्हींत फारसा अर्थ नाही.

वय हा आणखी एक घोळ. कित्येक ठिकाणी रिपोर्टवर मोठ्या माणसांची रेंज छापलेली असते, 4,000 ते 11,000. एक वर्षाच्या बाळात साडेसतरा हजारांपर्यंत नॉर्मल असतं, सहा वर्षांच्या मुलात साडेचौदा हजारांच्या आसपास. शिवाय चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात, नंतर पारडं फिरतं. म्हणून दोन वर्षांच्या मुलात 70 टक्के न्यूट्रोफिल दिसले तर माझी मान वर होते. दहा वर्षांच्या मुलात तेवढ्यावर होणार नाही.

टक्क्यांपेक्षा गुणाकार करून बघा. एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, याला एएनसी म्हणतात. तुमचा पहिला: सुमारे 6,400. दुसरा: सुमारे 15,700. मुलांच्या अपेंडिक्ससाठी साधारणपणे साडेसात हजार ही रेघ धरतात.

आणि सीआरपीचं एकक बघत जा हो सगळ्यांनी! काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. दहापटीचा फरक पडतो. 14.2 आणि 142 हा एकच रिपोर्ट असू शकतो. मी लोकांना या कारणाने रडताना पाहिलंय आणि या कारणाने निर्धास्त बसतानाही.

मीच ती | मंगळवार, दुपारी 2:10

स्लाइडवालीताई, फारच छान समजावलंत. आमची गोष्ट उलटी आहे म्हणून लिहिते. मुलगी पाच वर्षांची, पोटात दुखतंय म्हणून नेली. काउंट 21,000. सगळे अपेंडिक्स अपेंडिक्स करायला लागले. एका शिकाऊ डॉक्टरीण बाईंनी छातीला नळी लावून नीट ऐकलं आणि एक्स-रे काढला. निघाला उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया! खोकलासुद्धा नव्हता धड.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी 3:45

+1. मी कॅज्युअल्टीत असतो. न्यूमोनिया, घशाचं इन्फेक्शन, लघवीचं इन्फेक्शन, जुलाब, पोटातल्या गाठी सुजणं, सगळ्यांत काउंट आणि सीआरपी वाढू शकतात. घरात कुठेतरी धूर झालाय एवढं ते सांगतात, खोली सांगत नाहीत. उलट मुलींमध्ये अंडाशयाला पीळ पडला किंवा मुलग्यांमध्ये वृषणाला, तर रक्त अगदी नॉर्मल येऊ शकतं, आणि तिथे तर काही तासांचा खेळ असतो. म्हणून पोटदुखीच्या प्रत्येक मुलग्याची चड्डी काढून बघायची, लाज वाटली तरी.

लघवीचा एक सापळाही सांगून ठेवतो. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला किंवा मूत्राशयाला टेकलेलं असेल तर लघवीत थोड्या पस सेल्स दिसतात. लगेच युरिन इन्फेक्शनचा शिक्का बसतो, अँटिबायोटिक सुरू होतं, ताप आणि काउंट अर्धवट दबतात, आणि मूल चौथ्या दिवशी पोट फुगवून येतं. ही केस मी तीनदा पाहिली आहे.

गणिती किडा | मंगळवार, रात्री 9:30

वैद्यकीय काही कळत नाही, आकडे कळतात. सातमजलींच्या प्रश्नातला "नॉर्मल" हा शब्द मला छळतोय, म्हणून जरा हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते घेतलेत.

समजा एक चाचणी आहे. खरंच अपेंडिक्स असलेल्या दहातल्या आठ मुलांना ती पकडते. नसलेल्या नव्वदातल्या तीसांना उगाचच पकडते.

पोटदुखीची सरसकट शंभर मुलं आणा, त्यातल्या दहांना खरंच अपेंडिक्स आहे. चाचणी वाढलेली येईल 38 मुलांत, त्यातली खरी 8. म्हणजे वाढली तरी पाचातल्या चारांना अपेंडिक्स नाही. चाचणी नॉर्मल येईल 62 मुलांत, त्यात सुटलेली 2. तीन टक्के. ठीक आहे.

आता तीच चाचणी वेगळ्या शंभर मुलांवर करा. दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलंय, चालताना वाकतायत, उलट्या झाल्यात, अशी निवडक शंभर. यांतल्या साठांना अपेंडिक्स आहे असं धरू. चाचणी 48 पकडेल, 12 सोडेल. नसलेल्या चाळीसांपैकी 27 नॉर्मल येतील. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट मिळालेल्या 39 मुलांपैकी 12 जणांना अपेंडिक्स आहे. एकतीस टक्के!

लॅब तीच, आकडा तोच, आणि कागदावर "नॉर्मल" हेही तेच. एका मुलाला तीन टक्के धोका, दुसऱ्याला एकतीस. हा फरक रक्तात नाहीच, सुई टोचण्याआधी पोटाने काय सांगितलं त्यात आहे.

सातमजली | मंगळवार, रात्री 10:02

हे मी तीनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. आम्हाला कुणी असं सांगितलं असतं तर. असो.

खडूस | मंगळवार, रात्री 10:15

गणित कळलं. पण मग अशी एकही चाचणी नाही का, की जी केली की अपेंडिक्स आहे की नाही हे पक्कं कळेल? चंद्रावर जाऊन आलो म्हणे आपण.

जुना कात्रीवाला | बुधवार, सकाळी 6:30

शोध चालू आहेच, आणि त्यातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. अमेरिकेत व्हेनॅक्सिस नावाची कंपनी होती. तिने तीन गोष्टी एकत्र केल्या: पांढऱ्या पेशी, सीआरपी, आणि न्यूट्रोफिलमधून बाहेर पडणारं कॅलप्रोटेक्टिन. गणिती सूत्रात घालून एकच उत्तर काढायचं. नाव ठेवलं अपी-1. मुलांवरच्या अभ्यासात ही चाचणी खऱ्या रुग्णांपैकी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पकडायची. पण अपेंडिक्सचा त्रास नसलेल्या निम्म्याहून जास्त मुलांनाही पॉझिटिव्ह दाखवायची. म्हणजे घरी पाठवायला उपयोगी, ऑपरेशन ठरवायला निरुपयोगी. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-चाचण्यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता नाकारली. पुढे कंपनीने दोनदा नाव बदललं आणि 2017 मध्ये ती रायट ब्लॉकचेन झाली. अपेंडिक्स सोडून बिटकॉइन. मी गंमत करत नाहीये.

बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या लोकांनी 2009 च्या सुमारास लघवीत एलआरजी नावाचं प्रथिन शोधलं. पहिल्या छोट्या अभ्यासात निकाल डोळे दिपवणारे होते. नंतरच्यांत ती चमक तेवढी टिकली नाही. या क्षेत्रात हे नेहमीचं आहे, पहिला पेपर पेढे वाटतो.

प्रोकॅल्सिटोनिन नावाच्या रक्तातल्या आणखी एका प्रथिनाची मध्यंतरी फार हवा होती. साध्या अपेंडिक्ससाठी ते कामाचं नाही, जंतुसंसर्ग अंगभर पसरायला लागला की चढतं. म्हणजे फुटलंय का या प्रश्नाला थोडी मदत होते. बिलिरुबिनचं (कावीळ बघायला मोजतात ते) तसंच. सोडियमचंही, आणि सातमजली, तुमच्या दुसऱ्या कागदावरचं 131 बघून मला आश्चर्य वाटलं नाही. 135 च्या खाली गेलेलं सोडियम फुटलेल्या किंवा सडलेल्या अपेंडिक्समध्ये जास्त दिसतं. गंमत म्हणजे सोडियम आम्ही वर्षानुवर्षं फक्त सलाईन ठरवायला बघत होतो. ते रोगाबद्दलही काही सांगतंय हे फार उशिरा लक्षात आलं.

आता मूळ मुद्दा. रक्ताचा आकडा एकटा कधीच वापरायचा नसतो, म्हणून गुणपत्रिका आल्या. अल्वाराडो यांचा स्कोअर 1986 चा, दहा गुणांचा, त्यातले तीन रक्ताचे. सॅम्युएल यांनी 2002 मध्ये खास मुलांसाठी केला, 1,170 मुलांवरून. त्यातही दहा गुण, पण रक्ताला फक्त दोन: पांढऱ्या पेशी दहा हजारांवर असतील तर एक, न्यूट्रोफिल साडेसात हजारांवर असतील तर एक. याउलट खोकल्यावर, ठोकल्यावर किंवा उडी मारल्यावर उजवीकडे दुखलं तर एकट्या त्याला दोन. म्हणजे एक उडी अख्ख्या सीबीसीच्या बरोबरीची! नंतर 2008 मध्ये स्वीडनमधून एआयआर स्कोअर आला, बारा गुणांचा, आणि त्यात सीआरपी धरून निम्मे गुण रक्ताचे. कोणाचा रक्तावर किती विश्वास, ते या गुणांच्या वाटणीतच दिसतं. मी स्वतः सॅम्युएलच्या बाजूचा, पण मी जुना माणूस. आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत (2020 च्या जेरुसलेमच्या) मुलांमध्ये रक्तचाचण्या नेमाने करा असं आहे, आणि त्याच दमात, नुसत्या स्कोअरवर निदान करू नका असंही आहे.

2005 चा एक नियमही सांगतो, कारण तुमच्या मुलाला तो लावून बघता येतो. एएनसी 6,750 च्या आत, मळमळ-उलटी नाही, आणि सर्वात जास्त दुखणारी जागा उजवीकडे खाली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर अपेंडिक्सचा धोका कमी. तुमच्या मुलाची एएनसी 6,400, म्हणजे पहिली अट पास. जागा बेंबीपाशी, तिसरीही पास. पण दोन उलट्या झालेल्या होत्या. नियमात बसला नाही. आणि तिन्ही अटी पास झाल्या असत्या तरी पाचव्या तासाला मी त्यावर हवाला ठेवला नसता.

सातमजली | बुधवार, सकाळी 8:20

म्हणजे चूक झाली ना? त्या रात्रीच ठेवून घ्यायला हवं होतं?

जुना कात्रीवाला | बुधवार, सकाळी 11:50

सरळ सांगतो. त्या रात्री मी असतो तर मीही बहुधा घरीच पाठवलं असतं. बेंबीपाशी दुखणं, उजवीकडे काही नाही, पाच तास झालेले. सॅम्युएलचे गुण मोजले तर उलटीचा एक आणि न जेवण्याचा एक. दोनच. अशा मुलाची सोनोग्राफी केली असती तरी सुरुवातीला कधी दिसतं, कधी नाही. अपेंडिक्स सहा मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबल्यावर न दबणारं दिसलं तर निदान, पण ते मुळात सापडायला पाहिजे. गॅसमागे लपलेलं असतं.

बेंबीपाशीच का दुखतं तेही ऐका. अपेंडिक्सच्या स्वतःच्या नसा मज्जारज्जूत बेंबीच्याच पातळीवर जातात, मेंदूला जागा नेमकी कळत नाही. सूज बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की दुखणं उजवीकडे उतरतं. याला बारा तास लागू शकतात, चोवीसही. म्हणजे पाचव्या तासाला पोटालाही पत्ता नव्हता आणि रक्तालाही.

मग मी वेगळं काय केलं असतं? चिठ्ठीवर लिहिलं असतं: "सकाळी आठला परत आणा, दुखणं कमी वाटलं तरी." तोच हात, तेच पोट. तीच सीबीसी आणि या वेळी सीआरपीसुद्धा. 9,400 वरून सकाळी 13,000 झाले असते तर तो 13,000 माझ्या लेखी पहिल्याच वेळच्या 16,000 पेक्षा मोठा. चढणारा आकडा बघायचा असतो. एकच फोटो काढून बस कुठे चाललीय हे कळत नाही.

चूक कुठे झाली असेल तर ती "काही वाटलं तर या" या शब्दांत झाली. कारण त्यानंतर तुम्हाला "वाटायला" कागदाने बंदी केली.

अबोली | बुधवार, दुपारी 12:30

शेवटचं वाक्य...

रात्रपाळी | बुधवार, दुपारी 4:00

सरांशी सहमत, पण आमचीही बाजू लिहितो. रात्री अकराला कॅज्युअल्टीत पोटदुखीची आठ मुलं असतात. सगळ्यांना सकाळी परत बोलवायचं म्हटलं तर सकाळची ओपीडी कोसळते. काउंट नॉर्मल आला की आम्हालाही एक सुटकेचा श्वास मिळतो, आणि तो आम्ही पालकांना वाटून टाकतो. हे चूक आहे. मी अजूनही करतो.

हल्ली मी एक बदल केलाय. रिपोर्ट हातात देताना "नॉर्मल" म्हणत नाही. "आत्ता तरी वाढलेलं नाही" म्हणतो. लोकांना आवडत नाही. परत मात्र येतात.

पाच वर्षांखालच्यांना मी सहसा सोडतच नाही. त्यांना नीट सांगता येत नाही, आणि पोटातला चरबीचा पडदा पातळ असल्याने फुटलं तर झाकलं जात नाही, पसरतं. या वयात निदान होईपर्यंत निम्म्याहून जास्तांचं फुटलेलं असतं.

मीच ती | बुधवार, सायंकाळी 5:20

एक बाळबोध प्रश्न. सीबीसी आणि सीआरपी दोन्ही नॉर्मल, आणि दुखणं सुरू होऊन दीड दिवस झाला, तर?

स्लाइडवाली | बुधवार, सायंकाळी 6:05

बाळबोध मुळीच नाही. तेव्हा नॉर्मलला वजन आहे. चोवीस तास उलटून गेल्यावर पेशी, न्यूट्रोफिल आणि सीआरपी तिन्ही शांत असतील तर अपेंडिक्सची शक्यता बरीच खाली येते. शून्य होत नाही. आधी अँटिबायोटिक दिलेलं असेल तर मी हेही म्हणणार नाही.

खडूस | बुधवार, सायंकाळी 6:40

हे वेदनाशामक देऊ नका, नाहीतर लक्षणं झाकली जातात, असं म्हणतात ते खरं का? पुतणीच्या वेळी तिला तसंच कळवळत ठेवलं होतं सहा तास.

जुना कात्रीवाला | बुधवार, रात्री 8:15

आम्हीही तसंच शिकलो आणि कित्येक पोरांना विनाकारण रडवलं. नंतर यावर नीट चाचण्या झाल्या. वेदनाशामकाने निदान चुकत नाही. उलट मूल शांत झालं की पोट मऊ पडतं आणि नेमकी दुखरी जागा हाताला लागते. प्रमाण आणि औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

गणिती किडा | बुधवार, रात्री 9:10

अवांतर: वाचताना कळलं की नोंद असलेलं पहिलं अपेंडिक्सचं ऑपरेशनही एका मुलाचंच होतं. 1735, लंडन, क्लॉडियस अमियंड, मुलगा अकरा वर्षांचा. हर्नियाचं ऑपरेशन करताना आत अपेंडिक्स सापडलं, त्यात टाचणी अडकलेली. भूल नव्हतीच तेव्हा. पोरगा जगला. "अपेंडिसायटिस" हा शब्द आला 1886 मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

सातमजली | शुक्रवार, रात्री 9:45

दोन दिवस येता आलं नाही. आज टाके बघायला गेलो होतो, सगळं छान आहे. तिथे आणखी एक कागद मिळाला. वर "बायोप्सी" लिहिलेलं पाहून बायकोचे हात थरथरले. स्लाइडवालीताई, टाइप करतो: "तीव्र सपूय व गँगरीनयुक्त अपेंडिसायटिस, टोकाजवळ छिद्र, पोकळीत मलखडा, पेरिअपेंडिसायटिस. कर्करोगाचे पुरावे नाहीत."

स्लाइडवाली | शुक्रवार, रात्री 10:20

घाबरायचं अजिबात कारण नाही. काढलेलं प्रत्येक अपेंडिक्स आमच्याकडे येतं. उभे-आडवे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि छापील नमुन्यात लिहितो, शेवटची ओळ त्यातलीच. बाकीचं म्हणजे: भिंतीत पू, काही भाग मेलेला, टोकाला भोक, आत खडा, बाहेरच्या आवरणालाही सूज. न्यूट्रोफिल भिंतीच्या स्नायूत शिरलेले दिसले की आम्ही अपेंडिसायटिस म्हणतो. ते तुमच्या मुलाच्या बोटातून घेतलेल्या थेंबात दिसण्याआधी इथे भिंतीत जमत होते.

सातमजली | शुक्रवार, रात्री 11:00

धन्यवाद. फाइल लावून टाकली. तिन्ही कागद एकाखाली एक. पहिल्यावर पेनाने लिहिलं "5 तास", दुसऱ्यावर "40 तास". रिपोर्टवर रक्त किती वाजता घेतलं ते छापलेलं असतं, पण दुखायला लागून किती वेळ झाला होता ते कुठेच नसतं.

स्लाइडवाली | शुक्रवार, रात्री 11:08

नसतं. आम्हाला कुणी कळवतच नाही. फॉर्मवर लिहून येतं "पोटदुखी", बस.

खडूस | शनिवार, रात्री 8:55

धागा वर काढतो. धाकटी पुतणी, नऊ वर्षांची, दुपारी चारपासून पोटात दुखतंय म्हणतेय. बेंबीपाशी. ताप नाही, उलटी नाही. चार वाजले होते ते लिहून ठेवलंय.

रात्रपाळी | शनिवार, रात्री 9:02

इथे निदान होत नाही, काका. जेवली का? उडी मारते का?

खडूस | शनिवार, रात्री 9:10

अर्धं जेवली. उड्या मारतेय, हसतेय, आता थांबत नाहीये.

रात्रपाळी | शनिवार, रात्री 9:13

बरं. रात्रीत वाढलं, उलटी झाली, वाकून चालायला लागली, तर थांबू नका, लगेच न्या. नाहीतर सकाळी आठला पुन्हा उडी मारायला लावा, आणि दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हसत असली तरी.